नवशिक्या मामांसाठी रसनिर्मिती : वालूर आवृत्ती

ही मार्गदर्शिका मामांसाठी आहे. काकांनी आणि आत्यांनी वाचायला हरकत नाही. पण मे महिन्यात पुण्याहून भाचेकंपनी सेलू स्टेशनावर उतरली की एकाला टाकीवर आणि एकाला मागे बसवून वालूरला आणायचं काम मामाकडेच असतं. ताईचा मेसेजही गाडीनं परतूर सोडायच्या आत मामाच्याच फोनवर येऊन पडलेला असतो : "पॅकेटमधलं काही देऊ नको. घरी रोज फ्रेश ज्यूस काढून दे."

मेसेज वाचायला सोपा आहे. फळांचं पुढे काय करायचं हे रीतसर शिकवणारं अन्नतंत्र महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात, परभणीच्या कृषी विद्यापीठात आहे. विद्यापीठ 1972 चं आणि तिथला बी.टेक.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा. मामाला मात्र तोच अभ्यासक्रम एका रात्रीत उरकायचा असतो. म्हणून हा प्रपंच.

पाठ क्रमानं करावेत. थेट शेवटच्या पाठावर उडी मारू नये. मारली तर मधली भांडी घासायची वाचतील, पण शिक्षण अपुरं राहील.

पाठ 1 : मात्रा

रसाच्या आधी भाच्याचं वय विचारा. ताईला विचारू नका, मामाला वय माहीत नाही म्हणून ती वर्षभर बोलून दाखवेल. आजीला विचारा.

इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, हिनं 2019 मध्ये याचं माप ठरवून दिलंय. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला रस नकोच, घरचाही नको आणि पाकिटातलाही नको. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर 125 मिलि. पाचच्या पुढे 250 मिलि. आणि रसापेक्षा अख्खं फळ दिलेलं बरं, असंही त्याच दमात सांगितलंय. हे शेवटचं वाक्य नवशिक्यांनी तूर्त वाचू नये. पुढच्या पाठांचा उत्साह जातो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी 2017 मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी साधारण 120 मिलि ही हद्द घातली आणि वर्षाच्या आत रस बंदच केला. म्हणजे लहानग्यांपुरते दोन्हीकडचे डॉक्टर मिळून एका चहाच्या कपावर येऊन थांबलेत. पाहुण्यांना देतो तो कप काठोकाठ भरा, मात्रा झाली.

अडचण अशी की वालूरात कपानं रस देणं ही गोष्ट शोभत नाही. लेकरू वर्षातनं एकदा आलेलं असतं. शेजारी बघत असतात. "घे की अजून उलसं" म्हटल्याशिवाय आजोळ सिद्ध होत नाही. त्यामुळे कप बाजूला राहतो आणि ताकाचा उभा ग्लास बाहेर येतो. नवशिक्या मामांनी पहिल्याच दिवशी तो ग्लास वरच्या फळीवर ठेवून द्यावा.

सोबत अंगावरचं बाळ आलं असेल तर त्याच्या वाट्याला या मार्गदर्शिकेत काहीही नाही. कुणी कौतुकानं मधाचं बोट चाटवायला निघालं तर तेही अडवा. वर्ष पुरं होईपर्यंत मध देत नाहीत, कारण मधात एखाद्या वेळी असलेले जंतू तान्ह्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.

पाठ 2 : अवजारं

*मिक्सर.* घरात असतोच. शेंगदाण्याचा कूट, लसणाची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा या तिन्ही कामांतून गेलेला असतो. भांडं धुऊन घेतलं तरी झाकणाच्या रबरात लसूण राहतो. रबर काढून वेगळं धुवा. न धुतल्यास पहिल्याच घोटाला भाचा ते बरोबर ओळखतो.

*हातानं फिरवायचा ज्यूसर.* हा ताईनंच मागच्या वर्षी पाठवलेला असतो. प्लॅस्टिकचा, खाली रबरी वाटी, बाजूला कळ. कळ दाबली की वाटीतली हवा निघून तो ओट्याला घट्ट चिकटतो, असं खोक्यावरच्या चित्रात दाखवलंय. चित्रातला ओटा गुळगुळीत असतो, आपल्याकडची शहाबादी फरशी खरखरीत. तिच्या खवल्यांतून हवा आत शिरते आणि चौथ्या फेऱ्याला ज्यूसर मोसंबीसकट फिरू लागतो. म्हणून तो दोघांनी चालवायचा : एकानं मिठी मारून धरायचा, दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. मिठी मारणारा मामा.

*गाळणी.* चहाची चालत नाही, दोन चमच्यांत तुंबते. पिठाची चाळणी चालते, पण आजी देत नाही. जुन्या धोतराचं पातळ, उकळून वाळवलेलं फडकं सर्वांत उत्तम.

*भांडं.* स्टीलचं किंवा काचेचं. माळ्यावरचं पितळी पातेलं दिसायला छान असलं तरी कल्हई गेलेल्या पितळात आंबट रस ओतायचा नाही. आंबटामुळं तांबं-जस्त सुटून रसात उतरतं आणि लेकराला ओकाऱ्या होतात.

*लाईट.* ही अवजारांच्या यादीत धरावी. मोसंबी सोलून झाली की ती जाते. इन्व्हर्टरवर मिक्सर लावून बघू नका. पंखा आणि दोन दिवे यांच्या हिशेबानं घेतलेला इन्व्हर्टर मिक्सरचे पाचशे-साडेसातशे वॅट ओढत नाही. तो एकदा ओरडतो आणि पंखाही बंद करतो. त्यानंतर घरातली सगळी मंडळी मामाकडे बघतात.

पाठ 3 : पाणी, बर्फ आणि बारव

रसात पाणी घालायचं असेल तर पिण्याचंच घाला. फिल्टरचा जार आणत असाल तर त्यातलं घ्या, नाहीतर उकळून गार केलेलं. हात, सुरी आणि फळ तिन्ही धुवा. फळाची साल खायची नसली तरी धुवायची, कारण सुरी सालीवरनंच आत जाते.

बर्फ घरी, त्याच पाण्याचा करावा. बाहेरून लादी आणायची वेळ आली तर तिचा रंग बघा. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करून विकायचा नियम आहे. निळी लादी मासळी आणि औषधं गार ठेवायला असते. "मामा, ब्लू आइस!" म्हणून भाचे आनंदानं उड्या मारतील. तरी नाही म्हणायचं.

रस तयार व्हायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ भाच्यांना गुंतवून ठेवायला वालूरच्या मामाकडे जी सोय आहे ती पुण्याच्या काकाकडे नाही. आपल्या गावात जुन्या बारवा आहेत आणि त्यातली एक चक्राकार आहे. पायऱ्या सरळ तळाला न जाता वळत वळत, गोल फिरत खाली उतरतात. वर्षानुवर्षं गाळानं आणि काट्याकुट्यानं बुजलेली ही बारव गावकऱ्यांनी मोकळी केली. वरून काढलेले तिचे फोटो मग राज्यभर फिरले आणि लांबलांबून माणसं बघायला येऊ लागली. भाच्यांना एखाद्या जाणत्या माणसासोबत तिथं पाठवा आणि पायऱ्या मोजून या म्हणून सांगा. गोल पायऱ्या मोजताना सुरुवात कुठली यावर दोघांचं भांडण होतं, आकडा जुळत नाही आणि पुन्हा मोजावं लागतं. तेवढ्यात एक किलो मोसंबी सोलून होते.

काठावर एकटं सोडू नका आणि बारवेतलं पाणी रसात वापरू नका. एवढी दोन पथ्यं पाळली की हा पाठ झाला.

पाठ 4 : मोसंबी

शेजारच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा भाच्याला पाजायला लांबचं संत्रं शोधायचं कारण नाही. मात्र मे महिन्यात मृग बहर सरत आलेला असतो, माल कमी आणि भाव चढा. फळवाल्यासमोर "रसासाठी पाहिजेत" असं म्हणू नका. तो रसाचे म्हणून बारके, सुरकुतलेले ढिगातून काढून देतो. हातात घेऊन जड लागेल ते फळ निवडा. दिसायला मोठं आणि हाताला हलकं असेल तर आत नुसती जाड साल.

कृती : साल काढा. पांढरी आतली सालही शक्य तेवढी खरवडा. फोडी सुट्या करून प्रत्येक फोड मधोमध चिरा, बिया बोटानं बाहेर काढा. आता ज्यूसरमधून काढा, किंवा मिक्सरला एक-दोनदा नुसता झटका देऊन फडक्यातून पिळून घ्या. मिक्सर लावून निवांत उभं राहू नये. राहिलेल्या बिया भरडल्या की रस तिथंच कडू होतो.

बिया काढूनही रस कडू लागला तर मोसंबीवाल्याला शिव्या घालण्याआधी घड्याळ बघा. मोसंबीच्या गरात एक बेचव द्रव्य असतं. फळ अख्खं असेपर्यंत ते गप्प बसतं. रस काढला की तिथल्या आंबटपणामुळं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. म्हणून काढल्याबरोबर गोड लागलेला रस अर्ध्या-पाऊण तासानं तोंड वाकडं करायला लावतो. साखर घातली तरी हा कडूपणा झाकत नाही, फ्रिजमध्ये ठेवला तरी थांबत नाही. रसाचे कारखानेवाले यासाठी वेगळी यंत्रं बसवतात. मामाकडे एकच उपाय असतो : रस आणि भाचा एकाच वेळी तयार ठेवणं. वालूरात आजवर हे फारसं कुणाला जमलेलं नाही. रस तयार असतो तेव्हा भाचा बारवेवर असतो, भाचा येतो तेव्हा रस कडू झालेला असतो.

पाठ 5 : टरबूज आणि डाळिंब

टरबूज हे नवशिक्यांना धीर देणारं फळ. दहाएक भागांतले नऊ भाग पाणीच असल्यानं रस काढणं म्हणजे फक्त त्याला बाहेर यायला सांगणं. बिया काढा, मिक्सर एकदा फिरवा, झालं. पण बिया काढायला बसलेल्या मामाच्या ताटलीतून भाचे फोडी पळवतात. मिक्सरपर्यंत पोचेस्तोवर निम्मं टरबूज उरतं. ही चोरी धरून दटावू नये. त्यांनी काय खाल्लं ते नीट बघून ठेवावं, पुढच्या पाठाला लागतं.

डाळिंब हे संयम तपासायला आहे. मधून चार चिरा देऊन उघडा, पालथं धरून पळीनं बदडा, दाणे पडतात. दाण्यांच्या मधला पिवळा पापुद्रा रसात गेला तर जीभ धरते. दाणे मिक्सरमध्ये बारीक वाटायचे नाहीत, नाहीतर आतल्या बियांचा तुरटपणा उतरतो. फडक्यात बांधून हातानं दाबा. अर्ध्या तासानं वाटीभर रस आणि एक कायमचा गुलाबी सदरा तयार होतो. भाचा ती वाटी दोन घोटांत संपवतो आणि विचारतो, "अजून आहे?"

पाठ 6 : साखर

मेसेजच्या दुसऱ्या ओळीत ताईनं लिहिलेलं असतं : "शुगर अजिबात नको." घरात साखरेचा डबा मात्र आजीच्या ताब्यात असतो, आणि आजीच्या मते बिनसाखरेचा रस म्हणजे लेकराची थट्टा. मामा वळला की चमचा पडतो. वर चिमूटभर मीठ आणि जिऱ्याची पूड. जिरं-मीठ ठीक आहे, वाद चमच्याचा.

हा वाद सोडवायला जागतिक आरोग्य संघटनेची मदत घेता येते, पण ती दोघींच्याही बाजूनं लागत नाही. 2015 च्या सूचनांत कमी करायच्या साखरेची जी यादी आहे, तीत डब्यातली साखर आहे, मध आहे आणि फळांच्या रसातली साखरही आहे. अख्ख्या फळातली साखर त्या यादीत नाही. फळ तेच, साखर तीच. फरक एवढाच की फोड चावायला वेळ लागतो, चोथ्यानं पोट भरतं, आणि साखर अंगात सावकाश उतरते. रस एका दमात जातो.

हिशेब करून बघा. 250 मिलि रसाला चार-पाच मोसंब्या लागतात आणि त्यात वीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे आजीनं डबा उघडायच्या आधीच पाचेक चमचे झालेले असतात. आता त्याच भाच्यासमोर पाच मोसंब्या सोलून ठेवा. दोन खाईल आणि तिसरीच्या फोडीनं बहिणीच्या डोळ्यात फवारा मारेल. त्याचं पोट कुठं थांबायचं ते जाणतं. ग्लासाला ते कळत नाही.

हा हिशेब आजीला सांगितला तर ती विळीवरून नजर न काढता म्हणते, "मंग लेकराला कामून छळायलास? फोड दे की त्याच्या हातात." डॉक्टरांच्या संघटनेचं जे वाक्य पहिल्या पाठात वाचू नका म्हणून सांगितलं होतं, ते हेच. पण अभ्यासक्रम अजून बाकी आहे.

पाठ 7 : पाजणं

रस काढणं आणि पाजणं या दोन वेगळ्या कला आहेत. भाच्याचे ठरलेले आक्षेप आणि त्यांवरची उत्तरं पाठ करून ठेवा.

"मामा, ह्यात पल्प आहे." गाळून द्यायचं.

"मामा, ह्याला फेस आलाय." चमच्यानं काढायचा. मिक्सरनं हवा कोंडली की फेस येतोच, पाच मिनिटं थांबलं की बसतो. त्याहून जास्त थांबलं की काय होतं ते चौथ्या पाठात आलंय.

"मामा, हा त्या पॅकेटसारखा का नाही लागत?" इथं मामानं खुर्ची ओढून बसावं, कारण हा प्रश्न शहाणा आहे. पाकिटावर आंब्याचं चित्र मोठं असलं तरी 'फ्रूट ड्रिंक' म्हणून विकायला त्यात फळाचा रस दहा टक्के असला की नियमाला पुरे होतं. उरलेलं बहुतेक पाणी आणि साखर. घट्ट केलेल्या रसात पाणी मिसळून भरलेल्या पाकिटांवर 'शंभर टक्के फळांचा रस' असं छापलेलं असायचं. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं जून 2024 मध्ये ते शब्द काढून टाका म्हणून कंपन्यांना बजावलं. तेव्हा भाच्याला सांगा की पाकीट दर वेळी तस्संच लागतं कारण ते तसं जुळवलेलं असतं. मोसंबी प्रत्येक वेगळी, ती कुणाला विचारून गोड होत नाही. भाचा हे सगळं लक्ष देऊन ऐकतो आणि म्हणतो, "पण मला पॅकेटवालंच आवडतं."

खचू नका. स्टीलच्या पेल्यातला रस काचेच्या ग्लासात ओता, पपईच्या पानाचा देठ नळी म्हणून घाला. तो आतून पोकळ असतो. मात्र ताज्या देठाला चीक असतो, तेव्हा दाखवण्यापुरताच वापरा आणि प्यायच्या वेळी काढून घ्या. तेवढ्या गडबडीत साठ मिलि तरी पोटात जातं.

पाठ 8 : जमाखर्च

इथपर्यंत आलेल्या मामानं वही घेऊन एका दिवसाचा हिशेब मांडावा. किलोभर मोसंबीचा रस चारेकशे मिलि निघतो.

भाचा : कपभर, तोही तासभर मनधरणी करून.

भाची : एक घोट. "कडू आहे."

आजोबा : उरलेला ग्लास. त्यांना शुगर आहे, डॉक्टरांनी रस बंद केलाय. पण "टाकून कशाला द्यायचा" या तत्त्वापुढं डॉक्टरांचं चालत नाही. इथं मामानं ग्लास हातातून काढून स्वतः प्यावा. महिनाअखेर मामाचा पट्टा एक भोक पुढं जातो.

मुंग्या : ओट्यावर सांडलेलं.

म्हैस : सालं, चोथा, पांढरे पापुद्रे, टरबुजाची सालपटं, गाळून काढलेला पल्प.

या यादीवर दोन मिनिटं विचार करा. पोट साफ ठेवणारा, भूक भागवणारा, साखरेला लगाम घालणारा फळातला जो भाग डॉक्टर लेकराला द्या म्हणतात, तो मामा रोज सकाळी घाम गाळून वेगळा काढतो आणि गोठ्यात नेऊन घालतो. मे संपता संपता घरात सगळ्यांत तुकतुकीत कांती म्हशीची असते.

पाठ 9 : विना-अवजार रस

आता तुम्ही शेवटच्या पाठाला पात्र झालात. याला लाईट लागत नाही, मिक्सर नको, गाळणी नको, शहाबादी फरशी चालते.

आखितीला पितरांना आंबा दाखवून झाला की घरात खायची मुभा होते. हापूस, केसर बाजूला ठेवा, ते कापून खायचे. आपल्याला गावरान पाहिजे. ज्याच्या बांधावर जो असेल तो : शेपूचा वास येणारा शेपू, शेंदरी गालाचा शेंदऱ्या, गोल गोटी. झाडावरून पाडाला आलेले उतरवावेत आणि गवतात आढी घालून, वर पोतं टाकून पिकवावेत. कार्बाइडच्या पुडीनं पिकवायला कायद्यानं बंदी आहे. आणि त्या आंब्याला रंग असतो, वास नसतो. आढी उघडल्यावर वास ओसरीपर्यंत आला की समजा तयार.

तासभर बादलीत भिजत घाला. उष्णता कमी होते असं आजी म्हणते, चीक धुतला जातो हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. भाच्यांचे शर्ट काढा. हा पाठातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, तो विसरू नये. ओसरीवर रांगेत बसवा. प्रत्येकाच्या हातात एक आंबा द्या आणि दाखवा : दोन्ही अंगठ्यांनी सगळीकडून हलके दाबायचं, फिरवत राहायचं, घाई केली तर साल फुटते आणि पिचकारी समोरच्याच्या तोंडावर जाते. आत गर सुटून कोय हलायला लागली की हाताला कळतं. आता देठाचं टोक खुडायचं आणि पहिला थेंब दाबून बाहेर टाकायचा. त्यात चीक असतो, ओठाला लागला तर दुसऱ्या दिवशी फोड येतो. मग तोंड लावायचं.

यंत्र लेकरू स्वतःच. रस तेच काढतं, गाळणी त्याचे दात, धागे अडकले की तेच बोटानं ओढतं. पल्पची तक्रार कुणी करत नाही. रस मनगटावरून कोपरापर्यंत येतो, तो कोपरापासून वर चाटत आणायचा, हेही शिकवावं लागत नाही. आतला रस संपला की साल उलटी करून दातानं खरवडायची, मग कोय. कोय पांढरी होईस्तोवर.

मात्रेचं काय? कपानं मोजायची गरज नाही. वेळ लागतो, तोंड दमतं, आणि दोन-तीन आंब्यांनंतर लेकरू आपणहून उठून कोय उकिरड्यापर्यंत कोण फेकतो याच्या शर्यतीला जातं. त्यानंतर अंघोळ, तीही मामानं घालायची.

नेहमी पडणाऱ्या शंका

*पपईचा मिल्कशेक सकाळी करून ठेवला, दुपारी कडू झाला. दूध नासकं होतं का?*
दूध चांगलं होतं. पपईतलं पाचक द्रव्य दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करत बसतं आणि ते तुकडे कडू लागतात. पपई नुसती कापून द्या.

*सफरचंदाचा रस चहाच्या रंगाचा होतो.*
कापलं की हवा लागते आणि रंग बदलतो. लिंबाचे चार थेंब पिळा. पण वालूरात मे महिन्यात सफरचंदाचा रस काढणाऱ्या मामाला आम्ही फक्त शुभेच्छा देऊ शकतो.

*उसाचा रस फळांच्या रसात धरावा का?*
नाही. ऊस हे फळ नाही, खोड आहे, आणि त्याच्या रसात साखरेखेरीज फारसं काही नसतं. तरी रसवंतीच्या चाकाला बांधलेली घुंगरं स्टँडवर वाजू लागली की हा मुद्दा भाच्याला पटवता येत नाही. अर्धा ग्लास, बिनबर्फाचा, आणि ताईला कळवायचं नाही.

*उन्हानं लेकरू कोमेजलंय, तहान तहान करतंय. रस द्यावा का?*
आधी पाणी द्या. परभणीकडचं ऊन चव्वेचाळीसला टेकतं तेव्हा साधं पाणी, ताक आणि कैरीचं पन्हं यांच्यापुढं मोसंबीचा रस कुठंच लागत नाही. कैरी उकडा किंवा चुलीच्या राखेत भाजा, गर काढा, बेताचा गूळ, मीठ, वेलची, पाणी. लघवी कमी होत असेल, लेकरू सुस्त पडलं असेल, तर मार्गदर्शिका मिटून दवाखान्यात न्या.

*जांभळाचा रस जमेल का?*
जून लागेपर्यंत भाचे परत गेलेले असतात. जमेल, पण तो तुम्ही एकट्यानं प्यावा आणि दोन दिवस जीभ दाखवू नये.

*ताईचा व्हिडिओ कॉल नेमका चोखण्याच्या वेळी आला तर?*
उचला. तिला उघडी लेकरं, पिवळी तोंडं आणि कोपरावरून गळणारा रस दिसेल. ती आधी ओरडेल, मग गप्प होईल, मग विचारेल, "कोणत्या झाडाचे आहेत रे? शेपूचे का?" पुढच्या रविवारी ती स्वतःच येते. एक आढी जास्तीची घालून ठेवा.

*पुढच्या वर्षीची तयारी कधी सुरू करावी?*
पावसाच्या तोंडाशी. बांधावरची जुनी झाडं दरवर्षी कमी होतायत, कुणाचं वादळात जातं, कुणाचं वाटणीत तोडलं जातं. म्हणून उकिरड्याच्या कडेला पडलेल्या कोयींतली एखादी उचलून लावा. तिला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि ते आईच्या झाडासारखंच निघेल याची हमी नाही. घाई असेल तर शेपूच्या झाडाची काडी घेऊन कलम बांधून घ्या, चार-पाच वर्षांत येतं. खड्डा आताच खणून उन्हात तापू द्या. शेणखत विकत आणू नका. गोठ्याच्या मागे आहे ते उत्तम आहे, म्हशीनं महिनाभर मोसंबी खाल्लेली आहे.